नऊ मिनिटं

पहिलं रक्त सांडलं ते खालच्या आळीच्या नळावर, सकाळी साडेसातला.

रांगेत बादल्या, कॅन आणि तेलाचे रिकामे डबे लागले होते. सुतार आणि शिंपी मागेपुढे उभे. एरवी एका काडीवर दोन विड्या पेटवणारी ही माणसं. सुतारानं मान न वळवता विचारलं, "काल ग्रुपवर ते तू लिहिलंस?"

"लिहिलं. मग?"

"आईवरून लिहिलंस."

"तुझ्या उमेदवाराच्या आईवरून लिहिलं. तुला ती स्वतःची वाटली तर मी काय करू?"

रांग हसली. ते हसणंच नडलं. सुतारानं भरलेली बादली खांद्यापर्यंत उचलली आणि शिंप्याच्या तोंडावर घातली. काठानं भुवई फाटली, कातडी डोळ्यावर लोंबायला लागली. शिंपी आंधळ्यासारखा चाचपडत पुढं आला, सुताराचं डोकं हाताला लागलं तसं त्यानं ते कवटाळलं आणि कानात दात रोवले. दोघं चिखलात आडवे झाले. रांगेतल्या एकानंही बादली खाली ठेवली नाही. नंबर जाईल म्हणून.

पाणीवाली वीस पावलांवर खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवत होती. ओरडा ऐकून ती चावी हातात घेऊनच वर आली. ती चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी कांब, खाली चौकोनी खोबण, वर आडवी मूठ. तिनं ती दोघांच्या मध्ये घुसवली, अंगाचं वजन टाकलं आणि पहार लावून दगड उकरावा तसं त्यांना वेगळं केलं. पण सुतार पुन्हा उठायला लागला. तेव्हा ती रांगेकडं वळून म्हणाली, "हे दोघं घरी जाईपर्यंत नळ बंद. मी चालले."

लगेच रांगेला हात फुटले. चार जणांनी शिंप्याला उचललं, चार जणांनी सुताराला.

शिंप्याला सात टाके पडले. सुताराच्या कानाची पाळी काही सापडली नाही. कोंबडीनं नेली म्हणे. त्यावरही ग्रुपवर दोन दिवस विनोद चालले.

ग्रुप पाणीवालीचा होता. चार वर्षांपूर्वी लोक दिवसभर तिचं दार वाजवून विचारायचे, पाणी कधी, पाणी कधी. त्याला कंटाळून तिनं तो काढला आणि नाव ठेवलं 'पाणीवेळ'. सव्वाचारशे माणसं झाली. वरच्या आळीला सोडलं, खालच्या आळीचं बंद, मोटर जळाली, अमक्याच्या दारासमोर पाइप गळतोय, एवढंच त्यावर यायचं. क्वचित कुणाला मुलगी झाली, कुणाची म्हैस चुकली. तिला लिहायला वेळ लागायचा म्हणून ती बोलून पाठवायची, आणि पहाटे गावातल्या निम्म्या घरांत तिचा आवाज घुमायचा.

मग निवडणूक लागली. एका बाजूला खडीच्या क्रशरचा मालक. दुसऱ्या बाजूला सिस्टर. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं इंजेक्शनं देऊन निवृत्त झालेली बाई. डोंगर फोडणारा क्रशर गावाच्या डोक्यावर होता. निम्मं गाव त्याच्यावर जगायचं आणि निम्मं गाव त्याच्या धुळीनं खोकायचं. काही जण दोन्ही करायचे. त्यातून त्या उन्हाळ्यात पाणी तिसऱ्या दिवशी सुटायचं. लोकांचे गळेही कोरडे आणि डोकीही तापलेली.

पाणीवालीचं घर तर मधोमध चिरलेलं. नवरा मालकाचा डंपर चालवायचा. धाकटा दीर गवंडी. शेजारच्या खोलीत एकटा राहायचा आणि सिस्टरच्या प्रचारात आघाडीवर होता. मधली भिंत त्यानंच बांधलेली. सासू दोन्हीकडं जेवायची. "माझं मत मी सांगणार नाही," ती म्हणायची, "नाहीतर एका घरचं जेवण बंद होईल."

नळावरच्या मारामारीनंतर पाणीवाली पंपघरात गेली, हात धुतले आणि फोन तोंडाजवळ धरला.

"ऐका. भांडायचं तर भांडा, पण तोंड सांभाळून. आई-बहिणीवरून काही नको. कुणाच्या घरातलं बाहेर काढायचं नाही. माहीत नसलेलं खरं म्हणून टाकायचं नाही. जो करेल तो एक दिवस बाहेर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत घेईन. मग तो कुणाचाही असो."

गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे रिचार्ज म्हणायचे. त्यानं लगेच टाकलं, "पाणीवालीनं आता जिभेलाही व्हॉल्व्ह बसवला." लोक हसले. तीही हसली. त्यात शिवी नव्हती.

पंपघराच्या दाराला आतून ती खडूनं लिहून ठेवायची. कोण, किती वाजता. शिंपी, ९.१०. मुकादम, ४.२५. रिचार्ज, ७. दुसऱ्या दिवशी त्या मिनिटाला माणूस आत आणि खडू पुसला. गंमत म्हणजे परत आलेले बहुतेक जण नीट बोलायचे. क्रशरच्या मुकादमानं तर "माफी असावी" असं लिहिलं आणि पुढं हात जोडले. सुतार आणि शिंपी धुळीवरून तासभर भांडले, पण आकडे सांगत. किती डंपर, किती खोकला, किती रोजगार. पाणीवालीनं मोटरजवळ बसून ते सगळं वाचलं आणि तिला बरं वाटलं.

अकरा दिवसांत चौदा जण बाहेर गेले. नऊ मालकाचे, पाच सिस्टरचे. तिनं मोजून केलं नव्हतं. मोजलं ते मालकाच्या लोकांनी.

मुकादमानं तिच्या नवऱ्याला क्रशरच्या वजनकाट्याजवळ अडवलं. "तुझ्या बायकोनं आमची नऊ माणसं बाहेर काढली. तू कुणाचं खातोस?"

"तिचं ती बघते."

"असं का? मग तूही तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी डंपरची किल्ली दुसऱ्याला दिली आणि त्याच्या हातात फावडं आलं. यंत्राच्या पट्ट्याखाली सांडलेली खडी उपसायची. बारा वर्षं गाडीच्या केबिनमध्ये बसलेला माणूस, दोन दिवसांत हाताला फोड आले आणि फुटले. घरी आला तो पिठात घोळल्यासारखा पांढरा. थुंकला तर थुंकीही राखाडी.

"आमच्या लोकांना आत घे आणि पुन्हा काढू नकोस," तो म्हणाला.

"सगळे आतच आहेत. एक दिवसानं घेतेच मी."

"काढायचंच नाही म्हणतोय मी."

"मग सिस्टरच्यांनाही काढायचं नाही. मग उद्या पुन्हा कुणाचा कान तुटेल."

"कुणाचा तुटायचा तो तुटू दे. माझा हात बघ." त्यानं तळवे पुढं केले. तिनं ते धरले, कोमट पाण्यात बुडवले, पण हो म्हणाली नाही.

भिंतीपलीकडून गवंड्याचा आवाज आला. तो खोकत खोकत हसत होता. "दादा, मालकाला म्हणावं, स्वतः येऊन विचार. बायकांकडं निरोप्ये कशाला पाठवतोस!"

नवऱ्यानं तळवे पाण्यातून काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत क्रशरवर सात-आठ जण त्याच्याभोवती बसले होते. कुणीतरी म्हणालं, भावानं तुझी लाज काढली, तू गप्प? कुणीतरी त्याचा फोन त्याच्याच हातात दिला. फुटलेल्या बोटांनी त्यानं लिहिलं: "ज्याला स्वतःची बायको सांभाळता आली नाही, तो गाव सांभाळायला निघालाय. ती कुणाबरोबर गेली ते त्यालाच विचारा, नाहीतर मी सांगतो. आमच्याच काट्यावरचा होता."

गवंड्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. बाहेर सांगितलं होतं, माहेरी गेली, आई आजारी आहे. खरं काय ते घरातल्या चौघांनाच माहीत होतं आणि त्या चौघांनी ते आपसांतही कधी उच्चारलं नव्हतं.

पाणीवाली त्या वेळी वरच्या आळीच्या खड्ड्यात होती. तो खड्डा दोन माणसं खोल. तिथं फोन लागत नाही. व्हॉल्व्ह अडकलेला. ती चावीला लोंबकळत होती, शिव्या देत होती, व्हॉल्व्हला शिव्या दिलेल्या चालतात. व्हॉल्व्ह सुटला, ती वर आली, पदराला हात पुसले, तोवर कमरेचा फोन एकसारखा थरथरायला लागला.

संदेश येऊन नऊ मिनिटं झाली होती. दोनशे एकतीस जणांनी वाचला होता.

तिनं तो पुसला. मग नवऱ्याला काढलं. पंपघरात जाऊन खडू घेतला, थोडा वेळ दाराकडं बघत राहिली आणि लिहिलं: आमचे, ८.४०.

गवंडी तेव्हा शाळेच्या भिंतीवर, परांचीवर होता. खालून माल देणाऱ्यानं फोन बघितला, वर बघितलं, पुन्हा फोन बघितला. "काय रे?" गवंड्यानं विचारलं. त्यानं फोन वर दिला. गवंड्यानं वाचलं, फोन परत दिला, हातातली वीट बसवली, तिचा ओळंबा बघितला. मग खाली उतरला, थापी धुतली, आणि दिवसभर विटांच्या ढिगामागं बसून राहिला.

क्रशरवर दुपारपर्यंत नवऱ्याची वरात निघाली. "बायकोनं बाहेर काढला! आज झोपायला तरी घेणार का, की उद्या आठ चाळीसला?" सकाळी त्याच्या हातात फोन देणारेच सगळ्यात जोरात हसत होते.

दिवेलागणीला तो घरी आला. ती चुलीपुढं वाकली होती. त्यानं मागून तिचे केस धरले, उभं केलं आणि तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. पुढचा दात तुटला आणि खालचा ओठ आरपार फाटला. तिसऱ्या वेळी तिनं चौकटीला हात लावून स्वतःला थोपवलं, तर त्यानं गुडघा पाठीत घातला.

"नवरा काढतेस? चारशे लोकांत नवरा काढतेस?"

सासू काठी घेऊन त्याच्या पाठीवर मारत होती. म्हातारीचा मार, धूळ उडत होती फक्त. "सोड तिला, मेल्या! तुझ्या बापानं हात उचलला नाही कधी!"

गवंडी धावत आला. त्यानं भावाचं मनगट पकडलं आणि पिरगाळून केस सोडवले. दोघे छातीला छाती लावून उभे राहिले. दोघांचेही श्वास घरघरत होते, एकाच्या छातीत क्रशरची धूळ, दुसऱ्याच्या छातीत सिमेंटची.

"मार ना," थोरला म्हणाला. "मार. तेवढ्यासाठीच आलास ना?"

गवंड्यानं मनगट सोडलं. "इथं नाही," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

पाणीवालीनं तोंडातलं रक्त ताटलीत थुंकलं. दात त्यात होता. तिनं तो कागदात बांधला. का ते तिलाही कळलं नाही.

सकाळी ती वेळेवर पंपावर होती. तोंड सुजून भोपळा झालेलं, त्यामुळं बोलून पाठवता येईना. एकेक अक्षर शोधत लिहिलं: खालची आळी चालू. आठ चाळीसला तिनं नवऱ्याला ग्रुपवर परत घेतलं आणि खडू पुसला.

सिस्टर पंपघरात आली ती कापूस आणि औषधाची बाटली घेऊन. ओठ साफ करता करता म्हणाली, "त्याला कायमचा काढ. मालकाच्या सगळ्यांनाच काढ. मी तुझ्या मागे उभी आहे."

"सिस्टर, तुमचेही पाच होते."

सिस्टरचा हात थांबला. "माझ्या लोकांनी कुणाचे दात पाडलेत का?"

"सुताराचा कान कुणी खाल्ला?"

सिस्टरनं कापूस फेकून दिला, नवा घेतला. "मग निदान असं कर. मतदानाला चार दिवस राहिलेत. तोवर फक्त तूच लिहू शकशील असं करता येतं ना?"

"येतं. पण परवा वरचा पाइप फुटला ते मला लोकांनी लिहिलं म्हणून कळलं. नाहीतर टाकी रिकामी झाली असती." मग ती म्हणाली, "आणि बोलायचंच बंद केलं की माणसं हातानं बोलतात."

"आत्ता काय करतायत?" सिस्टर म्हणाली. पाणीवाली चावी उचलून व्हॉल्व्ह बंद करायला निघाली.

क्रशरवर नवऱ्याला डंपर परत मिळाला. मालकानं म्हणे मुकादमाला सांगितलं, त्यानं बायकोला वठणीवर आणलंय, द्या गाडी. ही गोष्ट नवऱ्यानं घरी सांगितली नाही. तो रात्री भिंतीकडं तोंड करून झोपायचा. एकदा तिच्या सुजलेल्या ओठाकडं बघून म्हणाला, "दुखतं?" ती म्हणाली, "नाही, गुदगुल्या होतात." त्यावर तो उठून बाहेर गेला.

मतदानाला दोन दिवस उरले होते. दुपारचे चार. ती टाकीच्या शिडीवर चढून पाण्याची पातळी बघत होती, तेवढ्यात फोन वाजला. रिचार्जचा संदेश: "मालकाच्या डंपरनं चक्कीवाल्याची पोरगी चिरडली. जागेवर खलास. ड्रायव्हर पळतोय, काट्याच्या वळणावर गाठा."

या वेळी ती खड्ड्यात नव्हती. मिनिटाच्या आत तिनं संदेश पुसला, रिचार्जला काढलं. पण ते मिनिट पुरलं. टाकीवरून तिला दिसत होतं, खालच्या आळीतून माणसं निघाली होती. कुणाच्या हातात दांडा, कुणाच्या हातात काहीच नाही, पण सगळी एका दिशेला.

तिनं चक्कीवाल्याला फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. मागं पोरगी गळा काढून रडत होती.

"कशी आहे पोर?"

"गुडघे सोललेत. उडी मारली तिनं. सायकलची चकती झाली, त्यासाठी रडतेय. का हो?"

"तिला घेऊन काट्याच्या वळणावर या. धावत या. चक्कीवाल्यांना सांगा, खांद्यावर घ्या, पण आणा."

मग तिनं फोन तोंडाजवळ धरला. "पोर जिवंत आहे. घरी आहे. फक्त सायकल मोडली. खोटं आहे ते, थांबा!" आवाज गेला. पण पळणारा माणूस खिशातला फोन काढत नाही. ती शिडी उतरली आणि अर्ध्या उतारावर तिच्या लक्षात आलं की चारची खेप तिच्या नवऱ्याची असते.

ती धावत सुटली. शिडीच्या पायथ्याशी ठेवलेली चावी सवयीनं हातात आली होती, ती टाकावी हे सुचलं नाही.

वळणावर पोचली तेव्हा डंपर रस्त्यात आडवा उभा होता. पुढच्या काचेत डोक्याएवढं भगदाड. पन्नास-साठ माणसं. त्यांनी नवऱ्याला पायाला धरून केबिनमधून ओढला होता. उतरताना डोकं पायरीच्या दोन्ही लोखंडांवर आपटलं होतं. आता तो खडीवर उताणा पडला होता आणि लाथा बसत होत्या. डावा डोळा म्हणजे नुसता लाल खड्डा. पहिला दगड काचेतून येऊन तिथंच बसला होता. चेहऱ्यावर रक्त आणि त्यावर चिकटलेली पांढरी धूळ, आईनंसुद्धा ओळखला नसता.

"उठून गेली ती," तो म्हणत होता. "उठून... मी बघितली... पळाली..."

शिंप्यानं त्याच्या तोंडावर चप्पल ठेवून दाबली. कुणीतरी बोटांवर दांडा मारला. बोटं काडकन वाजली.

पाणीवाली ओरडत गर्दीत घुसली. "जिवंत आहे पोर! जिवंत आहे!" एक कोपर तिच्या सुजलेल्या तोंडावर बसलं, ओठाची जखम उकलली. ती पडली, माणसांच्या पायांमधून रांगत पुढं गेली, चावीच्या आधारानं उठली. समोर तिचा दीर उभा होता.

गवंड्याच्या उजव्या हातात खडीचा दगड होता, नारळाएवढा. तो भावाच्या डोक्याशी पाय फाकून उभा होता आणि खाली बघत होता. नवऱ्याचा उजवा डोळा उघडा होता. त्यानं वर बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हटलं, "अरे, तू?"

गवंड्यानं दगड वर उचलला.

तिनं चावी दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. लोखंड मनगटावर बसलं. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि पंजा भलत्याच बाजूला लोंबायला लागला. दगड नवऱ्याच्या कानाला चाटून खडीत पडला. गवंडी गुडघ्यांवर बसला, मोडक्या हाताकडं बघत राहिला आणि मग जनावरासारखा ओरडला.

तिनं चावी पुन्हा वर केली. "आता कोण?" ती म्हणाली. तोंडातून रक्ताचे थेंब उडाले. "तू? तू ये. ये ना!" शिंपी मागं सरला. तिचा खरोखर विचार होता. पुढं जो आला असता त्याचं डोकं तिनं फोडलं असतं. हे तिला स्वतःला कळलं आणि त्याची भीती नंतर कित्येक दिवस तिच्या अंगातून गेली नाही.

तेवढ्यात चक्कीवाला आला, पिठानं माखलेला, खांद्यावर पोरगी. पोरगीनं रस्त्यावरचं ते सगळं बघितलं आणि बापाच्या केसांत तोंड लपवलं.

माणसं कडेकडेनं निघाली, जणू प्रत्येकाला एकाच वेळी घरचं काम आठवलं. रिचार्ज तेवढा राहिला. तो खाली बसून रस्त्यावरच्या काचा वेचत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला चौघांनी सांगितलं हो. चौघांनी सांगितलं."

दोन्ही भावांना एकाच टेम्पोतून शहरात नेलं. ती मध्ये बसली. एकाचं डोकं मांडीवर, दुसऱ्याचा हात धरलेला, हलू नये म्हणून.

नवऱ्याचा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं ताठ राहिली. गवंड्याच्या मनगटात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, जेवायला चालेल, थापी धरायला नाही. पोलीस आले तेव्हा नवरा म्हणाला, "गर्दी होती, तोंडं दिसली नाहीत." गवंडी म्हणाला, "भिंतीवरून पडलो." पोलिसानं पाणीवालीकडं बघितलं. ती म्हणाली, "मी पाणी सोडायला गेले होते."

मालक एकोणीस मतांनी निवडून आला. एका डोळ्याच्या ड्रायव्हरला गाडी देता येत नाही असं त्यानं निरोप धाडून कळवलं. ग्रुपवर आता फक्त पाणीवालीच लिहू शकत होती. खालच्या आळीत पाइप फुटला तेव्हा तिला दोन दिवस कळलं नाही. लोक डबक्यातून पाणी भरत राहिले, पण तिच्या दारापर्यंत कुणी आलं नाही. कुणाला तिच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

गवंडी शाळेच्या बांधकामावरच झोपायचा. महिन्यानं एका दुपारी तो घरी आला. हात गळ्यात अडकवलेला, दाढी वाढलेली. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. नवरा खाटेवर बसला होता, डोळ्यावर पट्टी. सासू धान्य निवडत होती. पाणीवाली नुकतीच पंपावरून आली होती.

नवऱ्यानं मान वळवून, चांगला डोळा त्याच्याकडं करून बघितलं.

"काचेतून आलेला दगड तुझा?"

"हो."

"आत मी आहे हे माहीत होतं?"

"नाही. काचेवर ऊन होतं. तोंड दिसलं नाही."

सासूचे हात सुपात थांबले.

"आणि दुसरा?"

गवंड्यानं गळ्यातला हात जरा वर घेतला. खोटं बोलता आलं असतं. धूळ होती, रक्त होतं, कुणीही मानलं असतं. पाणीवालीला वाटलं, त्यानं बोलावं खोटं.

"दुसरा उचलला तेव्हा माहीत होतं, दादा."

बाहेरून एक डंपर गेला, भांडी थरथरली आणि थांबली. नवरा आपल्या ताठ बोटांकडं बघत होता.

"जेवलास?" त्यानं विचारलं.

"नाही."

"ह्याला वाढ," तो बायकोला म्हणाला. मग भिंतीकडं तोंड फिरवून आडवा झाला. "पण बाहेर. माझ्यासमोर नको."

तिनं ताट पायरीवर नेऊन ठेवलं. गवंडी खाली बसला आणि डाव्या हातानं जेवायला लागला. घास सांडत होते. एकदा त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं मदत केली नाही, आणि ती उठूनही गेली नाही. तो जेवेपर्यंत ती तांब्या घेऊन शेजारी बसून राहिली, आणि त्याचं झाल्यावर तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं.